भाजलेल्या मुलाची पट्टी बदलताना

भाजण्याच्या उपचारात सर्वांत दुखरे काम पट्टी बदलण्याचे. भाजणे क्षणात उरकते. पट्टी मात्र रोज किंवा दिवसाआड, उथळ जखमेत दोन-तीन आठवडे आणि खोल जखमेत काही महिने बदलावी लागते. चिकटलेला गॉझ सोडवायचा, जुने मलम आणि सुटलेली कातडी पुसून काढायची, जखम धुवायची, नवे मलम लावून पुन्हा गुंडाळायचे, एवढेच हे काम. मोठा माणूस दात आवळून ते निभावून नेतो, कारण हे कशासाठी चालले आहे आणि कधी संपणार आहे हे त्याला ठाऊक असते. तीन वर्षांच्या मुलाला यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्या लेखी रोज सकाळी कुणीतरी येते, आई त्याला धरून ठेवते आणि ते पुन्हा भाजते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात मुले कशी भाजतात हे घरात डोकावले की कळते. चूल जमिनीवर असते, म्हणजे रांगत्या मुलाच्या बरोब्बर उंचीवर. तिच्यावर पेजेचे नाहीतर पाण्याचे भांडे. थंडीत विस्तव रात्रभर जागता ठेवतात आणि मुले त्याच्या कडेलाच झोपतात. झोपेत कूस बदलताना पाय निखाऱ्यात जातो. मोहफुलांच्या दिवसांत फुले वेचायला जमीन मोकळी व्हावी म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. आणि फेफऱ्याचे मूल विस्तवात पडले, तर ते हात-पाय काढूनच घेऊ शकत नाही, त्यामुळे त्याची जखम फार खोल असते. पेजेचे पोळणे पाण्यापेक्षा वाईट. पाणी ओघळून जाते, पेज अंगाला चिकटून राहते आणि निवेपर्यंत भाजत राहते. अशा वेळी वीस मिनिटे गार वाहते पाणी ओतले तर जखम आणखी खोल जात नाही आणि वेदनाही उतरते. पहिल्या तीन तासांत केव्हाही ओतले तरी त्याचा उपयोग होतो. हळद, चिखल, शाई, टूथपेस्ट यांनी मात्र पुढच्या दुखण्यात भर पडते, कारण जे लावले ते नंतर खरवडून काढावेच लागते.

शेजारच्या भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीला माडिया आदिवासी डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्याकडे फिरकत नसत. फेफऱ्याचा विकार असलेला, भयंकर भाजलेला एक मुलगा आणि मेंदूच्या मलेरियाने मरणाच्या दारात गेलेला एक माणूस असे दोघे बरे झाले आणि मग लोक येऊ लागले. आमटे दांपत्याला २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा ही हकीकत आवर्जून सांगितली गेली. या जंगलात आधुनिक औषधोपचारावरचा विश्वास काही अंशी तरी एका भाजलेल्या मुलाच्या मलमपट्टीवर उभा राहिला, असे म्हणायला हरकत नाही. तो तसाच मोडूही शकतो. पहिल्या दोन पट्ट्यांना मूल किंचाळत राहिले की तिसऱ्या दिवशी पहाटे खाट रिकामी दिसते. घरचे त्याला उचलून गावी, पुजाऱ्याकडे घेऊन गेलेले असतात. रजिस्टरात त्या नावापुढे ‘ॲब्स्कॉन्डेड’ असा शेरा पडतो, जणू कुणी तुरुंग फोडून पळाले. गट्टा, कसनसूर, जारावंडीकडच्या पाड्यांवरून पावसाळ्यात नाले ओलांडून आलेले कुटुंब एवढ्या यातायातीनंतर का परत जाते, याचे उत्तर बहुतेक वेळा ड्रेसिंगच्या खोलीत सापडते.

जखम किती दुखेल हे तिच्या खोलीवर ठरते, पण ते सरळ प्रमाणात नाही. वरवरचा फोड आणि त्याखालची लालबुंद, ओलसर जखम सर्वांत जास्त दुखते, कारण त्वचेतल्या मज्जातंतूंची टोके तिथे उघडी पडलेली, पण जिवंत असतात. हवेची झुळूकही तिथे बोचते. कातडी पूर्ण जाडीने जळाली की ती पांढरट, चामड्यासारखी होते आणि मध्यभागी टोचले तरी कळत नाही. म्हणून खोल जखमेच्या मुलाला वेदनाशामक लागत नाही असा एक समज आहे. तो धोक्याचा आहे. बधिर भागाभोवती उथळ भाजलेली कड असतेच, आणि मृत कातडी काढून खालचा जिवंत थर उघडा पडला की त्या दिवसापासून तीही जखम दुखू लागते.

भाजलेल्या मुलाला दोन वेगळ्या वेदना असतात आणि त्यांचे औषध एक नाही. एक दिवसभर ठसठसणारी, दुसरी पट्टीच्या वेळी उसळणारी. ठसठसणाऱ्या वेदनेला घड्याळ लावून दिलेले सौम्य औषध पुरते. उसळणाऱ्या वेदनेला तेवढ्यापुरते जोरकस औषध लागते, आणि त्याचा असर पट्टी सोडायच्या क्षणी शिगेला असावा लागतो. शिवाय जखमेतून सारखे संदेश येत राहिले की मज्जारज्जूतल्या पेशीच हळव्या होतात; मग जखमेबाहेरची धड कातडीही नुसत्या स्पर्शाने दुखते. पाचव्या दिवशी मूल पट्टीचा ट्रे पाहूनच थरथरते, त्याला ‘नाटक’ म्हणणारे लोक वॉर्डात भेटतात. त्या थरथरीमागे मज्जासंस्थेत झालेला खराखुरा बदल असतो.

मुलांना वेदना कमी कळतात, ही समजूत वैद्यकात फार उशिरापर्यंत टिकली. १९८० च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य रुग्णालयांतही तान्ह्या बाळांवर जेमतेम भूल देऊन शस्त्रक्रिया होत. मूळचे भारतीय असलेले डॉ. के. जे. एस. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिले की अपुऱ्या दिवसांच्या बाळाला शस्त्रक्रियेत फेंटॅनिल हे प्रभावी वेदनाशामक दिले, तर त्याच्या शरीरावरचा ताण आणि नंतरची गुंतागुंत दोन्ही कमी होतात. पट्टीच्या दृष्टीने त्याहून मोलाचा अभ्यास १९९८ सालचा, वाइसमन आणि सहकाऱ्यांचा. तो कॅन्सरच्या मुलांवरचा आहे. हाडातला मगज किंवा पाठीतले पाणी काढताना ज्या लहान मुलांना पहिल्या खेपेस खरे वेदनाशामक मिळाले नव्हते, त्यांना पुढच्या खेपांना पुरेसे औषध देऊनही जास्त दुखले. पहिली खेप बिघडली की पुढे औषध असूनही त्याचा जोर कमी पडतो. २००१ साली ग्लेन सॅक्स यांच्या गटाने भाजलेल्या मुलांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना रुग्णालयात मॉर्फिन जास्त मिळाले होते, त्यांच्यात सहा महिन्यांनी दचकणे, भयस्वप्ने, टाळाटाळ ही लक्षणे अधिक घटलेली आढळली.

ग्रामीण रुग्णालयात याचा अर्थ असा की सगळी ताकद पहिल्या पट्टीवर लावायची. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटे होते. पहिली पट्टी अपघात विभागात, घाईत, नुसत्या पॅरासिटामॉलवर उरकली जाते आणि नीट भूल द्यायचा विचार मूल आटोपेनासे झाल्यावर सुचतो.

औषध किती द्यायचे हे ठरवण्यापूर्वी वेदना मोजावी लागते. आठ वर्षांपुढचे मूल शून्य ते दहा आकड्यांत सांगू शकते. चार-पाच वर्षांच्या मुलापुढे हसऱ्यापासून रडव्यापर्यंत चेहऱ्यांची रांग ठेवली की ते बोट ठेवते. त्याहून लहान मुलाचा चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत काढल्यावर शांत होणे या पाच गोष्टी पाहून प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यायचे. मिशिगन विद्यापीठात तयार झालेली आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेली ‘फ्लॅक’ ही मोजपट्टी अशीच आहे. तिला भाषा लागत नाही, आणि एटापल्लीत हा मोठाच गुण, कारण डॉक्टर मराठी, मूल माडिया आणि मधले कुणी तेलुगू असा प्रसंग नित्याचा. तरीही ‘दुखतंय’, ‘थांब’ आणि ‘संपलं’ एवढे तीन शब्द माडियात येत नाहीत अशा माणसाने चिमटा हातात घेऊ नये. आशाताईकडून ते पाच मिनिटांत शिकून होतात.

या मोजणीत एक खड्डा आहे. जंगलातली मुले काटक असतात, रडत नाहीत, असे कौतुकाने बोलले जाते आणि तेच पुढे औषध न देण्याचे निमित्त ठरते. अनोळखी माणसांत, अनोळखी भाषेत सापडलेले मूल गप्प होते. कुपोषित, थकलेल्या मुलाला रडायचेही त्राण नसते. छताकडे टक लावून पडलेल्या, मुठी आवळलेल्या मुलाला शून्य गुण देणारी सिस्टर रजिस्टर भरते, मोजत नाही.

औषधांची पहिली पायरी पॅरासिटामॉलची. किलोला १५ मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, दुखो न दुखो, ठरल्या वेळी. अगदीच वाळलेल्या मुलात मात्रा आवरती घ्यावी. आयबुप्रोफेन जोडीला चांगले, पण अंगातले पाणी कमी झालेल्या मुलाला पहिल्या दिवसांत नको. मूत्रपिंडावर ताण येतो. पट्टीसाठी एवढे पुरत नाही. तोंडावाटे मॉर्फिन, किलोला ०.२ ते ०.३ मिलिग्रॅम, हे स्वस्त आणि भरवशाचे. लहान मुलांसाठी पातळ औषध सहसा मिळत नाही. पण लगेच विरघळणारी १० मिलिग्रॅमची साधी गोळी १० मिलिलीटर पाण्यात कालवली की दहा किलोच्या मुलाला त्यातले दोन-तीन मिलिलीटर पुरतात. सावकाश सुटणारी गोळी मात्र कधीही कुटायची नाही. मॉर्फिनचा असर यायला अर्धा ते एक तास लागतो आणि सगळा घोटाळा इथेच होतो. औषध नऊला दिले जाते, डॉक्टर सव्वानऊला मोकळे होतात, पट्टी लगेच सुटते आणि दहाला, सगळे आटोपल्यावर, मूल गाढ झोपते. मग ‘मॉर्फिनने काही होत नाही, नुसती गुंगी येते’ असा अनुभव नोंदला जातो. औषधाची वेळ फळ्यावर लिहून ठेवली, तर हा दोष एका पैशाच्या खर्चाविना जातो.

कोडीन आणि ट्रॅमाडॉल बारा वर्षांखाली टाळावे. काही मुलांचे यकृत त्यांचे रूपांतर अतिवेगाने करते आणि श्वास मंदावतो. कोडीन मुळातच मॉर्फिनमध्ये बदलून काम करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली मुलांच्या दीर्घ वेदनेवरच्या मार्गदर्शिकेतून कोडीनची पायरीच काढून टाकली आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली बारा वर्षांखालील मुलांना ही दोन्ही औषधे देण्यास मनाई केली. मिडाझोलाम भीती कमी करते, आठवण पुसते, पण वेदना जराही कमी करत नाही. नुसत्या मिडाझोलामवर पट्टी केली तर मूल हलत नाही म्हणून सगळ्यांना बरे वाटते. दुखायचे ते दुखतेच.

मॉर्फिनच्या वाटेत १९८५ चा अमली पदार्थ कायदा उभा होता. अनेक परवाने एकाच वेळी चालू असतील तरच औषध ठेवता येई, म्हणून बहुतेक रुग्णालयांनी तो नादच सोडला. २०१४ च्या दुरुस्तीने ही गाठ सैल झाली. मान्यताप्राप्त संस्थेला आता एकाच यंत्रणेची परवानगी पुरते. पण तीस वर्षांत दोन पिढ्यांचे डॉक्टर मॉर्फिन न वापरता शिकले, आणि ती सवय दुरुस्तीने सुटत नाही. औषध भांडार कुलूपबंद, किल्ली एकाकडे आणि तो रजेवर, ही अडचण कायद्याची नाही. तिचे खापर मात्र कायद्यावरच फुटते.

मोठ्या पट्टीसाठी, विशेषतः पहिल्या, केटामिनला तोड नाही. १९६२ साली तयार झालेले हे औषध वेदना तोडते, शुद्ध एका बाजूला सारते, पण श्वास आणि घशाची संरक्षक प्रतिक्रिया बहुतांशी शाबूत ठेवते. भूलतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी जगभर त्याच्यावर भिस्त आहे ती यामुळेच. शिरेतून किलोला एक ते दीड मिलिग्रॅम दिले की मिनिटाभरात असर होतो आणि दहा-वीस मिनिटे मिळतात. शीर सापडत नसेल तर स्नायूत किलोला चार ते पाच मिलिग्रॅम. तीन महिन्यांखालील बाळाला ते देत नाहीत. लाळ सुटते, क्वचित स्वरयंत्र आकसते, उठताना मूल बरळते. म्हणून ऑक्सिजन, सक्शन, ॲम्ब्यू बॅग आणि पल्स ऑक्सिमीटर हाताशी हवे, आणि पट्टी करणाऱ्याखेरीज एक माणूस फक्त श्वासावर नजर ठेवायला हवा. ही शेवटची अट सर्वांत अवघड, कारण माणूसच नसतो. त्यात २०१३ च्या अखेरीस केटामिन औषध कायद्याच्या ‘एक्स’ परिशिष्टात गेले, तेव्हा नोंदींचा व्यापही वाढला.

केटामिनला उपाशी पोट लागते आणि तिथे दुसरीच पंचाईत होते. भाजलेल्या मुलाची अन्नाची गरज वाढलेली असते. एटापल्लीतले मूल बऱ्याचदा आधीच वजनाने कमी. दिवसाआड सकाळ उपाशी गेली तर जखम भरायची कशाने? घन अन्नाला सहा तास, आईच्या दुधाला चार, साध्या पाण्याला दोन तास पुरतात. ‘रात्री बारापासून काही नको’ हा सरसकट हुकूम मुलावर अन्याय करतो. पट्टी सकाळी सर्वांत आधी घ्यावी आणि उठल्याबरोबर खायला द्यावे. या जिल्ह्यात सिकलसेलही आहे. अशा मुलाला तहानलेले ठेवून, उघडे करून, गार पाण्याने धुतले तर जखमेच्या वेदनेवर सिकलसेलच्या झटक्याची वेदना चढते. खोली उबदार, पाणी कोमट, आणि एका वेळी एकच अवयव उघडा, हे सगळ्याच मुलांसाठी चांगले, त्याच्यासाठी अत्यावश्यक.

औषधाइतकाच हाताचा फरक पडतो. कोपराच्या आतल्या बाजूला गॉझ वाळून खपलीत रुतून बसलेला असतो. घाईतला हात तो कोपऱ्यातून धरून वर ओढतो. नवी, कागदाइतकी पातळ कातडी त्याच्याबरोबर सुटते, रक्ताचे बारीक ठिपके उमटतात आणि चार दिवसांचे भरणे वाया जाते. सावकाश हात आधी कोमट सलाईनने तो भिजवतो, दहा मिनिटे तसाच सोडतो, मग गॉझ कातडीला समांतर, स्वतःवरच दुमडत, दुसऱ्या हाताने कडेची त्वचा दाबून धरत मागे नेतो. अडला की ओढत नाही, पुन्हा पाणी सोडतो. पट्टी सुटल्यावर जखम हवेत उघडी ठेवून मोठ्या डॉक्टरांच्या फेरीची वाट पाहणे हा वॉर्डातला जुना रिवाज आहे. ती अर्ध्या तासाची आग कुठेच लिहिली जात नाही.

सर्वांत कमी दुखणारी पट्टी म्हणजे न बदललेली पट्टी. आपल्याकडे सर्रास वापरले जाणारे पांढरे मलम, सिल्व्हर सल्फाडायझिन, जखमेवर पिवळट साय धरते. ती रोज पुसून काढावी लागते आणि खालची जखम किती भरली तेही दिसू देत नाही. उथळ, स्वच्छ जखमेवर कोलॅजनचा पडदा किंवा चांदीयुक्त फोमची पट्टी बसवली तर ती तीन ते सात दिवस तशीच राहू शकते. वस्तू महाग, पण दहा पट्ट्यांच्या जागी तीन होतात.

स्वस्तात हे साधण्याचे सर्वांत सुंदर प्रयत्न मुंबईत झाले. परळच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याची साले गॉझवर बसवून, निर्जंतुक करून जखमेवर लावली. १९८५ साली हे काम प्रसिद्ध झाले. सालीमुळे जखम ओली राहते, चिकटत नाही, आणि काढताना सोलवटत नाही. पुढे शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी तपासली आणि २००३ साली तिचे निष्कर्ष मांडले. केळीचे पान गुळगुळीत, मेणचट, जखमेला न धरणारे. साले चिकटवण्याच्या खटाटोपापेक्षा ते तयार करायला सोपे आणि काढताना जवळजवळ न दुखणारे. ऑटोक्लेव्ह आणि केळीचे झाड या दोन्ही गोष्टी एटापल्लीत आहेत. तरी हे तंत्र जिल्ह्याजिल्ह्यांत रुजले नाही, कारण पानाला ना कंपनी, ना प्रतिनिधी, ना खरेदीचा दरकरार.

मुलाच्या मनाची तयारी ही औषधानंतरची गोष्ट आहे. तिच्या नावाखाली औषध वाचवायचे नसते. पट्टी मुलाच्या खाटेवर करू नये. खाट ही त्याची सुरक्षित जागा राहिली पाहिजे, त्यासाठी शेजारची खोली वापरावी. आईला बाहेर काढायची पद्धत बंद व्हावी, पण आईकडून हात-पाय दाबून घेणेही बंद व्हावे. तिचे काम डोक्याकडे बसून त्याच्याशी बोलायचे. ‘काही होणार नाही, मुंगी चावेल’ हे खोटे एकदाच खपते. ‘भिजवताना गार लागेल, काढताना दुखेल, हात वर केलास की मी थांबेन’ असे सांगून खरोखर थांबले, तर दुसऱ्या खेपेपासून मूल विश्वास टाकते. वरची बाहेरची पट्टी त्यालाच उलगडू द्यावी. स्वतःच्या हाताने उलगडताना चार वर्षांचे मूलही नवल वाटावे इतके गुंतून जाते.

लक्ष दुसरीकडे वळले की मेंदूपर्यंत पोहोचणारी वेदना खरोखर घटते. सिएटलमधल्या हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी २००० पासून भाजलेल्या रुग्णांना डोळ्यांवर यंत्र चढवून आभासी जगात नेले. पुढे खास त्यांच्यासाठी बर्फाच्या दरीतून हिमगोळे फेकत जाण्याचा खेळ तयार झाला. एटापल्लीत ते यंत्र नाही, पण आधीच उतरवून ठेवलेला मोबाइलवरचा व्हिडिओ, साबणाचे फुगे आणि आजीचे गाणे आहे. फुगा फुंकताना श्वास लांब सुटतो, हा त्यातला वरचा नफा.

काही मुले इथे ठेवूच नयेत. मुलाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे शरीराचा साधारण एक टक्का; असे दहा तळहात भाजले असतील, किंवा चेहरा, हात, गुप्तांग, सांधे भाजले असतील, तर त्याला वर पाठवावे लागते. जिल्ह्याचे ठिकाण सव्वाशे किलोमीटरच्या पुढे आहे, नागपूर तीनशेच्या आसपास. त्या प्रवासात खड्ड्यागणिक दुखते, म्हणून पट्टी आणि वेदनाशामक रुग्णवाहिका सुटण्यापूर्वी व्हावे, आणि पांढरे मलम लावू नये. ते पुढच्या डॉक्टरला पुसून काढावे लागते. स्वच्छ आवरण पुरते.

जखम भरली की दुखणे खाजेत बदलते. रात्री मूल नवी कातडी ओरबाडते आणि पुन्हा पट्टीवर येते. झोपताना सेटिरिझिनसारखे औषध आणि दिवसातून तीन-चारदा साधे खोबरेल तेल चोळणे याने बराच आराम पडतो. कोपर, गुडघा, मान सरळ ठेवून ताणायचा व्यायामही दुखतो, म्हणून तो टाळला जातो आणि सांधा आखडतो. व्यायामाआधी तासभर पॅरासिटामॉल दिले तर आई तो रोज करवून घेते. घरी पाठवताना मुलाच्या कार्डावर जखमेच्या वर्णनाखाली चार ओळी जास्त लागतात: वजन, पट्टीला कोणते औषध किती दिले, ते किती वेळ आधी दिले, आणि पट्टी चालू असताना मुलाने हातात काय धरले होते. कसनसूरच्या आरोग्य केंद्रात पुढची पट्टी करणाऱ्या सिस्टरला तिथून सुरुवात करता येते.